ऐकणाराचें दुखणें

परदुःखानें ज्याचें अंतःकरण द्रवतें तो सज्जन, ही आपल्याकडील फार जुनी समजूत आहे, आणि ती खोटी आहे असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. परंतु एकदां द्रवलेल्या अंतःकरणाचें पुढें काय होतें, हा प्रश्न त्या समजुतीच्या कक्षेबाहेर राहतो. पूर्वींच्या सज्जनाला दुःखी मनुष्य वाटेंत भेटे. त्याला पाहून तो कळवळे, होईल तें साह्य करी आणि पुढें चालूं लागे. उलट ज्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नेमलेल्या खोलींत आणि ठरलेल्या वेळीं, एकामागून एक असे दुःखीच भेटावयाचे, आणि तेंहि वर्षानुवर्षें, त्याच्या कळवळ्याची गति काय होते? हा प्रश्न नवा आहे, कारण तो धंदाच नवा आहे.

आज आपल्या मध्यमवर्गीय घरांतील कितीतरी मुली व मुलगे समुपदेशनाच्या आणि मानसोपचाराच्या व्यवसायांत शिरत आहेत. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया, अपघातांतून वांचलेलीं माणसें, भूकंपांत किंवा पुरांत घरदार गमावलेलीं कुटुंबें यांच्या हकीकती दिवसभर ऐकून तीं मुलें संध्याकाळीं घरीं येतात आणि ताटावर गप्प बसतात. आईबापांना कोडें पडतें. जें झालें तें त्या परक्या माणसांना झालें. आपल्या मुलीला काय झालें? या प्रश्नाला चांगलें उत्तर देणारी एक इंग्रजी कादंबरी-त्रयी आहे. त्या दृष्टीनें तिचें परीक्षण करावें असें आम्हीं योजिलें आहे.

शास्त्राची बाजू प्रथम थोडक्यांत सांगतों. १९९० सालीं लिसा मॅकॅन आणि लॉरी अॅन पर्लमन या दोन अमेरिकन विदुषींनीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांत या दुखण्याला नांव दिलें. आपण त्याला 'परावर्तित आघात' म्हणूं. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा कीं, आघात झालेल्या माणसांच्या हकीकती मन लावून ऐकणाऱ्या उपचारकाच्या ठायीं केवळ थकवा येत नाहीं. त्याची जगाकडे पाहण्याची दृष्टिच बदलते. सुरक्षितता, विश्वास, आत्मप्रतिष्ठा, इतरांशीं जवळीक आणि स्वतःच्या आयुष्यावरील ताबा यांविषयींच्या ज्या गृहीत श्रद्धांवर मनुष्य निश्चिंतपणें जगत असतो, त्या श्रद्धांना तडा जातो. पुढें १९९५ सालीं चार्ल्स फिगले यांनीं 'करुणेचा थकवा' अशा अर्थाचा दुसरा शब्द रूढ केला. हा शब्द सोपा असल्यामुळें लोकांत अधिक पसरला. आणि सोप्या शब्दानें नेहमीं होतें तेंच येथेंहि झालें. थकवा म्हटला कीं विश्रांति हें उत्तर ठरलेलेंच! श्रद्धा तुटल्याचें दुखणें मागें पडलें आणि श्रमांचें दुखणें पुढें आलें.

पहिल्या निबंधानंतर एकच वर्षानें, १९९१ सालीं, पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची 'रीजनरेशन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या पाठोपाठ १९९३ सालीं 'दि आय इन द डोअर' आणि १९९५ सालीं 'द घोस्ट रोड' हे पुढील दोन भाग आले. शेवटच्या भागाला बुकर पारितोषिक मिळालें. तिन्ही भाग पहिल्या महायुद्धाविषयीं आहेत. बार्करबाईंचा जन्म १९४३ सालचा, म्हणजे तें युद्ध त्यांनीं पाहिलेलें नाहीं. परंतु त्यांच्या आजोबांच्या अंगावर त्या युद्धांतील संगिनीच्या जखमेचा वण होता, आणि तो पाहतच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. लेखिका अशी स्वतःच दुसऱ्याच्या जखमेची वारस आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

कथानकाचें स्थळ एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट हें रुग्णालय. पूर्वीं तेथें जलोपचाराचें आरोग्यभवन होतें. १९१६ सालीं तें लष्करानें घेतलें आणि 'शेल-शॉक' झालेल्या अधिकाऱ्यांसाठीं चालविलें. वाचा बसलेले, हातपाय लुळे पडलेले, झोपेंत किंचाळणारे तरुण अधिकारी तेथें येत, आणि बरे झाले कीं पुन्हां आघाडीवर पाठविण्यास योग्य ठरत. १९१७ च्या जुलैंत तेथें सीगफ्रीड ससून हा कवि येऊन दाखल झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयामुळें हें आडनांव आपणांस घरचेंच वाटतें, आणि तें तसेंच आहे. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी डेव्हिड ससून यांचा हा पणतू. शौर्याचें पदक मिळविलेल्या या अधिकाऱ्यानें युद्ध अकारण लांबविलें जात आहे असें जाहीर निवेदन काढलें होतें. लष्करी न्यायासनापुढें त्याला उभें करण्यापेक्षां त्याचें डोकें फिरलें आहे असें ठरविणें सर्वांना सोयीचें गेलें, आणि त्याला 'बरें' करण्याचें काम डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे आलें.

रिव्हर्स ही इतिहासांतील खरी व्यक्ति. त्यांचा जन्म १८६४ सालचा. मनोवैद्य होण्यापूर्वीं ते मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नांवाजलेले होते; आपल्या नीलगिरीच्या पठारावर १९०१-०२ सालीं राहून त्यांनीं तोडा जमातीचा अभ्यास केला आणि १९०६ सालीं त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वभावानें मृदु, बोलतांना अडखळणारे, अविवाहित असे हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ कादंबरीचे खरे नायक आहेत. ससूनचें नांव मोठें असलें तरी ही कथा त्याची नव्हे, त्याचें बोलणें ऐकून घेणाऱ्याची आहे.

येथें कादंबरीच्या रचनेकडे वाचकांचें लक्ष वेधतों. युद्धावरील कादंबरी म्हटली कीं खंदक, चिखल, तोफा, प्रेतें यांचीं वर्णनें हटकून यावयाचीं. 'रीजनरेशन'मध्यें युद्धभूमीवर प्रत्यक्ष घडणारा एकहि प्रसंग नाहीं. सारें युद्ध येतें तें रुग्णाच्या तोंडून, रिव्हर्स यांच्या खोलींत, टेबलाच्या अलीकडच्या बाजूस. मधूनच रुग्ण थांबतो, विषय बदलतो, विनोद करतो, चिडतो. आणि त्या अडखळण्यांतून एखादा तपशील एकदम अंगावर येतो. याचा परिणाम असा होतो कीं, वाचक सैनिकाच्या जागीं न बसतां वैद्याच्या खुर्चींत बसतो. त्याला कांहीं दिसत नाहीं, फक्त ऐकूं येतें. आणि जें ऐकूं आलें तें मनाशीं उभें करण्याचें काम त्यालाच करावें लागतें. ऐकणाराला जखम कशी होते हें सांगण्याऐवजीं लेखिकेनें वाचकालाच ऐकावयास बसविलें आहे. आमच्या मतें या कृतीचें पहिलें यश हेंच.

परंतु येथेंच आपल्याकडील रसचर्चा ज्यांनीं वाचली आहे त्यांच्या मनांत एक शंका उभी राहील. करुण रसांत आनंद कां होतो, यावर आपल्या पंडितांनीं पुष्कळ खल केला आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून कै. न. चिं. केळकर यांनीं मांडलेली 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति प्रसिद्धच आहे. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो खरा, पण आपली स्वतःची भूमिका न विसरतां शिरतो. या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाच्या आनंदाचें मूळ आहे, असा तिचा आशय. मग ही कादंबरी वाचतांना आपणांस जो एक प्रकारचा आनंद होतो, तो रिव्हर्स यांना कां होऊं नये? तेहि दुसऱ्याच्या दुःखांत शिरतात आणि स्वतःची भूमिका सोडीत नाहींत. किंबहुना ती न सोडणें हेंच त्यांच्या शास्त्राचें पहिलें शिक्षण.

या शंकेचें एक झटपट उत्तर असें देतां येईल कीं, वैद्याचा 'विकल्प' सुटतो, तो रुग्णाशीं एकरूप होऊन जातो, आणि म्हणून त्याला जखम होते. हल्लीं ज्याला त्याला 'अंतर राखा' असा जो उपदेश केला जातो, त्याच्या मुळाशीं हीच समजूत असते. आम्हांला हें उत्तर अपुरें वाटतें, आणि तें कां अपुरें आहे हें कादंबरींतील प्रसंगच सांगतात. रिव्हर्स कधींहि वाहवत नाहींत. त्यांचें भान एकदांहि सुटत नाहीं. वाचकांत आणि त्यांच्यांत भेद आहे तो दुसराच. वाचकानें जें ऐकलें त्याचें त्याला पुढें कांहीं करावयाचें नसतें. पुस्तक मिटलें कीं तो मोकळा. वैद्याला मात्र ऐकलेल्याचें कांहींतरी करावें लागतें. आणि जेव्हां त्याचें कांहींच करतां येत नाहीं, किंवा जें करावें लागतें तें ऐकलेल्याशीं विसंगत असतें, तेव्हां तें ऐकलेलें त्याच्याच अंगांत राहतें. ऐकणाराचें दुखणें तें हें.

पहिला प्रकार घेऊं. रिव्हर्स यांनीं १९१७ च्या डिसेंबरांत लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढें एक निबंध वाचला. पुढील फेब्रुवारींत तो 'लॅन्सेट'मध्यें छापून आला. युद्धांतील भयंकर अनुभव विसरून जा, असा उपदेश त्या काळीं सर्रास करीत. तो घातक आहे, त्या आठवणींना तोंड देऊं द्यावें, असें रिव्हर्स यांचें म्हणणें होतें. त्यांत त्यांनीं एका अधिकाऱ्याची हकीकत दिली आहे. या अधिकाऱ्याला आपल्या मित्राचें छिन्नभिन्न झालेलें शरीर सांपडलें होतें आणि तोच देखावा रोज रात्रीं स्वप्नांत येऊन त्याला छळी. रिव्हर्स यांनीं त्याच्या लक्षांत आणून दिलें कीं, ज्या अर्थीं शरीराची अशी दशा झाली त्या अर्थीं मित्राला मरण तत्क्षणींच आलें असलें पाहिजे. त्याला तळमळावें लागलें नाहीं. एवढ्या एका विचारानें त्या माणसाचा चेहरा उजळला आणि त्याच्या स्वप्नांतील भय ओसरलें. दुःखाला कोठें तरी धरण्याजोगी एक मूठ असते. ती शोधून रुग्णाच्या हातीं देणें ही वैद्याची कला.

परंतु त्याच निबंधांत दुसरी एक हकीकत आहे. स्फोटानें फेकला गेलेला एक अधिकारी मेलेल्या जर्मन शिपायाच्या कुजलेल्या पोटावर तोंडघशीं पडला होता; शुद्ध जाण्यापूर्वीं आपल्या तोंडांत काय गेलें आहे हें त्याला कळलें होतें. या अनुभवाला कोठेंच मूठ सांपडेना. त्यांत ना शौर्य, ना मैत्री, ना त्याग, नुसती ओकारी. येथें आपली पद्धति चालत नाहीं हें रिव्हर्स यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें, आणि अखेर त्या अधिकाऱ्यानें लष्कर सोडून, ज्या वातावरणांत त्याला पूर्वीं बरें वाटलें होतें तेथें जावें, असें ठरलें. बार्करबाईंनीं याच हकीकतींतून बर्न्स हें पात्र घडविलें आहे. बर्न्सला अन्न जात नाहीं. घास तोंडाशीं नेला कीं उलटी. त्याच्यासमोर रिव्हर्स बसून राहतात. त्याला सांगण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहींच नाहीं.

पुढें रिव्हर्स स्वतः आजारी पडतात. रात्रीं छातींत धडधड सुरू होऊन जाग येते, थकवा हटत नाहीं. रुग्णालयाचे प्रमुख ब्राइस हे चांगले गृहस्थ; ते त्यांना तीन आठवड्यांच्या सक्तीच्या रजेवर पाठवितात. येथें लेखिकेची सूक्ष्म दृष्टि दिसून येते. थकवा हेंच दुखणें असतें तर रजेनें तें बरें व्हावयास हवें होतें. पण रजेंत रिव्हर्स जातात कोठें? शेवटीं सफोकच्या समुद्रकिनाऱ्यावर बर्न्सच्याच घरीं! एका वादळी रात्रीं बर्न्स घरांतून नाहींसा होतो, आणि किनाऱ्यावरील जुन्या बुरुजाच्या खंदकांत, भरतीचें पाणी आंत शिरत असतांना, अंग चोरून बसलेला तो रिव्हर्स यांना सांपडतो. त्याला कवटाळून वर आणतांना, या गोष्टीचें समर्थन करील असें जगांत कोणतेंहि कारण नाहीं, हा एकच विचार त्यांच्या मनांत उमटतो. बाहेरून पाहणारा म्हणेल कीं, या गृहस्थांना रजा घेतां येत नाहीं. आम्ही म्हणूं कीं, जें काम अपुरें राहिलें तें रजेंतहि बरोबरच येतें.

दुसरा प्रकार याहून कठीण आहे. बर्न्सचें कांहीं करतां येत नव्हतें. ससूनचें मात्र करतां येत होतें, आणि तेंच करावयाचें नव्हतें. ज्याचें म्हणणें वैद्याला मनोमन पटूं लागलें आहे त्यालाच वेडा ठरवून, त्याचा वेडेपणा काढून, त्याला पुन्हां तोफांच्या तोंडीं धाडावयाचें, हें रिव्हर्स यांचें सरकारी कर्तव्य. रजेंतच ते एकदां चर्चमध्यें बसले असतां खिडकीच्या रंगीत कांचेवर अब्राहाम आपल्या मुलाचा बळी देण्यास निघाला आहे असें चित्र त्यांना दिसतें. तरुणांनीं वृद्धांची आज्ञा पाळावी, म्हणजे पुढें त्यांच्या मुलांवर त्यांचीहि आज्ञा चालेल, असा समाजाचा जुना करार. पण त्या घडीला फ्रान्सच्या चिखलांत वारसच मरत होते. त्या करारांत आपण वृद्धांच्या बाजूचे आहों, ही जाणीव रिव्हर्स यांना होते.

या विचाराची परिणति होते ती लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत. तेथें डॉ. येलंड हे वाचा गेलेल्या शिपायांवर विजेचा उपचार करीत. कॅलन नांवाच्या शिपायाला बंद खोलींत नेऊन, तो बोलेपर्यंत त्याच्या घशाला विजेचे चटके देण्याचा तो प्रसंग वाचतांना अंगावर कांटा येतो. त्या रात्रीं रिव्हर्स यांना स्वप्न पडतें: रुग्णाच्या तोंडांत विजेचें साधन खुपसणारा हात त्यांचा स्वतःचाच आहे, आणि पाहतां पाहतां त्या साधनाचा घोड्याच्या तोंडांतील लगाम झाला आहे. जागे झाल्यावर ते स्वप्नाचा अर्थ लावतात तो असा: येलंड चटके देतात, आपण मायेनें बोलतों, पण शिपायाच्या दुखण्यांतून युद्धाविरुद्ध जी एक मूक तक्रार निघत होती ती बंद पाडण्याचें काम आपण दोघेहि करतों. संपूर्ण त्रयींत याहून अधिक धीट पान आम्हांला आढळलें नाहीं. ज्याची सारी कीर्ति त्याच्या दयाळूपणावर उभी आहे, त्याच्याच दयेला लेखिकेनें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें आहे.

कोणी म्हणेल, ही कादंबरीकर्त्रीची कल्पना झाली. पण या बाबतींत इतिहास तिच्याच बाजूचा आहे. 'कॉन्फ्लिक्ट अँड ड्रीम' या, मृत्यूनंतर १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत खऱ्या रिव्हर्स यांनीं स्वतःच्या एका स्वप्नाचें पृथक्करण केलें आहे. त्यांत ते सांगतात कीं, युद्धविरोधी मतांच्या एका रुग्णाशीं, म्हणजे ससूनशीं, बोलत असतां त्यांच्या मनांत एक विचार येऊन गेला होता: या रुग्णाचें मतपरिवर्तन करावयास बसलेल्या आपलेंच मतपरिवर्तन झालें तर? हाच तो तडा, जो पुढें सत्तर वर्षांनीं शास्त्रानें नांव देऊन ओळखला. रिव्हर्स १९२२ च्या जूनमध्यें अकस्मात् वारले. तेव्हां लंडन विद्यापीठाच्या मतदारसंघांतून मजूर पक्षातर्फे पार्लमेंटसाठीं उभें राहण्याचें त्यांनीं मान्य केलें होतें. आयुष्यभर प्रयोगशाळेंत आणि वसतिगृहाच्या खोलींत रमलेला हा विद्वान् राजकारणाच्या रिंगणांत उतरावयास निघाला, याचें श्रेय एकट्या क्रेगलॉकहार्टला देणें धाडसाचें होईल. पण तेथें जें ऐकलें त्याचें कांहींतरी करावें, ही तळमळ त्यामागें असावी असें आम्हांला वाटतें.

कादंबरीच्या नांवांतहि हाच अर्थ दडला आहे. १९०३ सालीं हेन्री हेड या मित्राच्या हातांतील एक मज्जातंतु शस्त्रक्रियेनें तोडून पुन्हां जोडण्यांत आला, आणि तो परत कसा वाढतो याचा अभ्यास रिव्हर्स यांनीं केंब्रिजमधील आपल्या खोल्यांत पुढें चार-एक वर्षें चालविला. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स टोंचून पाहत आणि टिपून ठेवीत. प्रथम परत आली ती ओबडधोबड, टोंकाची वेदना. तारतम्य जाणणारी सूक्ष्म संवेदना कितीतरी मागाहून आली. ज्या खोलींत जखम भरून येते तींतच वेदनाहि परत येते, आणि टांचणी धरणारा हात मित्राचाच असतो. लेखिकेनें हें रूपक कोठेंहि पसरून सांगितलें नाहीं, याबद्दल तिचे आभार मानिले पाहिजेत.

पुढील दोन भागांत हाच धागा आहे. 'दि आय इन द डोअर'मध्यें बिली प्रायर हा काल्पनिक रुग्ण एके दिवशीं रिव्हर्स यांच्याशीं खुर्चीची अदलाबदल करतो; तो प्रश्न विचारतो आणि वैद्याला उत्तरें द्यावीं लागतात. ऐकणारालाहि कोणीतरी ऐकावें लागतें, हें तत्त्व एवढ्या साध्या हालचालींतून सांगण्यास मोठी लेखणी लागते. 'द घोस्ट रोड'च्या अखेरीस हॅलेट नांवाचा तरुण, चेहऱ्याचा अर्धा भाग उडालेला, मरणोन्मुख असा, कांहींतरी अस्पष्ट ओरडत राहतो. आईबाप, धाकटा भाऊ, वाग्दत्त वधू भोंवतीं उभीं. कोणालाच त्या आवाजाचा अर्थ लागत नाहीं. तो लागतो फक्त रिव्हर्स यांना: हें सारें इतक्या मोलाचें नव्हे, असें तो म्हणत आहे. आणि तो अर्थ त्याच्या सैनिकी पेशाच्या बापासमोर मोठ्यानें सांगण्याचें काम त्यांनाच करावें लागतें. पहिल्या भागांत ज्यांना असे आवाज बंद करण्याचें स्वप्न पडलें, तेच तिसऱ्या भागांत त्या आवाजाचे दुभाषी होतात. रिव्हर्स यांची जखम यानें भरून येत नाहीं. पण तिला काम मिळतें.

आतां दोष. प्रायर हा फार हुशार आहे. वैद्याच्या मर्मावर नेमकें बोट ठेवावयास लेखिकेला एक पात्र हवें होतें, आणि तें तिनें हवें तितकें तीक्ष्ण करून घेतलें. त्यामुळें कित्येक संवादांत प्रायरच्या ओठांतून १९९१ सालची लेखिका बोलत आहे असा भास होतो. येलंड यांच्या १९१८ सालच्या ग्रंथावर कॅलनचा प्रसंग आधारलेला असला, तरी त्यांच्या वृत्तींतील शास्त्रीय उत्साहाची बाजू चित्रांत उतरलेली नाहीं; खलपुरुष इतका काळा रंगविला कीं नायकाचें त्याच्याशीं असलेलें नातें, जें लेखिकेला दाखवावयाचें आहे, तेंच पुसट होतें. आणि रिव्हर्स यांची मृदुता अधूनमधून संतचरित्राच्या वळणावर जाते. सुदैवानें प्रत्येक वेळीं एखादें स्वप्न किंवा एखादी चूक त्यांना माणसांत परत आणते.

या दोषांपेक्षां महत्त्वाचा एक आक्षेप आहे. युद्धांतील लष्करी वैद्याची गोष्ट आजच्या समुपदेशकाला कशी लागू पडावी? तो कोणाला तोफांच्या तोंडीं पाठवीत नाहीं. हें खरें, पण नवऱ्याच्या मारानें मोडलेल्या स्त्रीला धीर देऊन, तिची झोप व जेवण ताळ्यावर आणून, तिला पुन्हां त्याच घरीं जातांना पाहण्याचा प्रसंग आजच्या समुपदेशकावर येत नाहीं काय? ज्या मुलावर घरांतच अत्याचार झाला त्याची साक्ष ऐकून, पुढें वर्षानुवर्षें त्या खटल्याच्या तारखा पडतांना त्याला पाहाव्या लागत नाहींत काय? रिव्हर्स यांची सही रुग्णाला आघाडीवर धाडी. आजच्या उपचारकाची सही तसें कांहीं करीत नसेल, पण त्याच्या खोलीबाहेरचें जग बदलण्याची शक्तिहि तिच्यांत नसते. ऐकलें पुष्कळ आणि करतां आलें थोडें, हें प्रमाण दोन्हीकडे सारखेंच आहे.

दुखणें खरें आहे हें आतां वादांत राहिलेलें नाहीं. अमेरिकन मनोवैद्यांच्या संघानें २०१३ सालीं काढलेल्या निदानग्रंथाच्या पांचव्या आवृत्तींत, कामाच्या निमित्तानें भयंकर घटनांचे तपशील ज्यांच्यावर वारंवार किंवा अतिरेकानें येऊन आदळतात त्यांनाहि आघातोत्तर विकार होऊं शकतो, असें मान्य केलें आहे. आणि उदाहरणादाखल बालकांवरील अत्याचारांचे तपशील पुन्हां पुन्हां पाहावे लागणाऱ्या पोलिसांचा उल्लेख केला आहे. वाद आहे तो उपायांविषयीं. संस्था आपल्या उपचारकांना सांगतात: फिरावयास जा, पुरेसें झोपा, छंद जोपासा, रजा घ्या. हे उपाय निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. शरीर सर्वांनाच आहे. परंतु ते सारे उपाय दुखणें त्या एकट्या माणसाच्या अंगांत आहे असें धरून चालतात. ब्राइस यांनीं दिलेली तीन आठवड्यांची रजा अशीच होती. ती प्रेमानें दिली होती आणि ती अपुरी होती. उपचारकामागें रुग्णांची किती रांग लावावयाची, त्याचें ऐकून घेणारा अनुभवी वडीलधारी त्याला द्यावयाचा कीं नाहीं, आणि त्याच्या खोलींत जें बोललें जातें त्यांतून संस्थेनें व समाजानें कांहीं शिकावयाचें कीं नाहीं, हे प्रश्न रजेच्या अर्जांत मावत नाहींत.

तेव्हां ताटावर गप्प बसणाऱ्या मुलीच्या आईबापांना या कादंबरींतून काय घेण्यासारखें आहे? मन घट्ट कर, असें तिला सांगूं नये, हें एक. रिव्हर्स यांचें मन घट्टच होतें. हा धंदा सोड, असेंहि घाईनें सांगूं नये. कारण जखम झाली ही गोष्ट ती नीट ऐकत होती याचीच खूण आहे. दुसऱ्याचें गुपित तिनें फोडूं नये हें तर तिचें व्रतच. पण आज तुला कांहीं करतां आलें का, कीं नुसतेंच ऐकावें लागलें, एवढें तिला विचारतां येईल. खुर्चीची अदलाबदल करण्याची घरगुती रीत ती हीच.

ससूनच्या कागदावर १९१७ च्या नोव्हेंबरांत तो सेवेस पात्र असल्याचा शेरा मारून रिव्हर्स फाइल मिटवितात, आणि तेथें पहिली कादंबरी संपते. ससूनचें मत बदललेलें नाहीं. आपल्या माणसांना सोडवत नाहीं म्हणून तो परत निघाला आहे. बदल झाला आहे तो शेरा मारणाऱ्यांत. आम्हीं ही त्रयी दोनदां वाचली. पहिल्या वाचनांत सैनिकांसाठीं वाईट वाटलें, दुसऱ्यांत त्या लिहिणाऱ्या हातासाठीं. ज्यांच्या घरीं असा हात आहे, त्यांनीं तरी ती अवश्य वाचावी.